तीन कान

न्ये हे आडनाव लिहायचं तर
तीन कान काढावे लागतात,
एक वर, दोन खाली.
अर्थ: कुणाच्या कानात कुजबुजणं.

आमच्या न्ये फूशेंगला मात्र एकाच कानाने ऐकू यायचं.
चनहाईच्या किल्ल्यावर
परक्या जहाजांनी तोफा डागल्या त्या सकाळी
तो धक्क्यावर हमालांची मजुरी मोजत होता.
डावा तिथेच गेला.
उजवा इतका तयार निघाला
की पुढे ब्रॅडवेल कंपनीने तोच नोकरीला ठेवला,
महिना नऊ डॉलर, जेवण धरून.

मला तेव्हा तेरावं लागलेलं. मी त्याचा शिकाऊ.
डोळे मीट, म्हणायचा,
डोळे आधी फसतात.
मेक्सिकोचं नाणं, साप चोचीत धरलेला गरुड,
बोटाच्या टोकावर तोलायचं
आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेने टिचकी.
चांगली चांदी लांबपर्यंत बोलत राहते.
शिसं मिसळलेली
अर्ध्या वाक्यात गप्प होते.
खोटं सुटलं हातून, तर भरपाई त्याच्या पगारातून.
खरं ठरलं, तर गरुडाच्या पंखावर
ठोशाने एक बारीक कान उमटवायचा.
तीन मावत नसत.

साहेब त्याला श्रॉफ म्हणत.
मला वाटायचं, इंग्रजी असेल.
गोदामातला पारशी कारकून हसला:
अरे, हा तर आमच्याकडचा सराफ,
पेट्यांबरोबर बोटीत चढला,
वाटेत जरा चेपला.

त्या पेट्या आंब्याच्या लाकडाच्या.
या झाडाला फळ कसलं येतं
निंगपोत कुणालाच ठाऊक नव्हतं.
जकातीच्या तक्त्यात मालाचं नाव: विलायती औषध,
दर पेटीमागे तीस लिआंग चांदी.
आजार कोणता, तो रकाना तक्त्यात नव्हता.

आणि मग ती थैली आली,
तीन नद्यांच्या तोंडावरल्या औषधवाल्याकडून,
पाचशे नाणी, ओलसर, धुराचा गोड वास असलेली.
न्ये वाजवत होता, मी दहादहाच्या चळती लावत होतो.
एकाएकी त्याचा हात थांबला.
नाण्यावर त्याचाच कान होता.
त्यात नवल नव्हतं, शहरभर फिरत ते.
पण या कानाच्या पाळीला
सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

धाकट्या बहिणीच्या, पाओचूच्या लग्नात
त्याने तिच्या हातावर वीस डॉलर ठेवले होते,
नवऱ्याला सांगू नकोस, असं सांगून.
त्या विसांचे कान त्याने रात्री बसून टोचले होते,
मुलीचे टोचतात तसे.

थैलीतून सतरा निघाले.
मी मोजले, त्याने नाही.

आमच्यात म्हणतात, आपलंच नाणं खोटं, तर दुसऱ्याला काय बोलायचं.
पण खोटं असतं तर बरं झालं असतं.
बाजूला काढता आलं असतं.
पगारातून भरून, घरी नेऊन
उशाशी ठेवता आलं असतं.
सतराच्या सतरा खणखणीत वाजली.
गरुडाचा एक पंख झिजलेला,
बाकी चांदीत काही खोट नाही.

काही वाईट? साहेबांनी दारातून विचारलं.
नाही.
मग चहाच्या हिशेबाला लावा, बोट संध्याकाळी सुटते.

मी चळती कागदात गुंडाळू लागलो.
अजून दोनेकशे नाणी राहिली होती.
न्येने पुढचं उचललं,
बोटावर तोललं,
टिचकी मारली
आणि डाव्या कानाशी धरलं.

बराच वेळ धरून होता.

खरं, तो म्हणाला.
मी लिहून घेतलं.